डबल बेल

(दृश्य : अंधारी खोली, ट्यूबलाइट. छातीवरच्या नंबराचा कागद आणि चार सेफ्टी पिना.)

पहाटे चार वाजता आमचं भांडण झालं ते या कागदावरून. बाहेर पाऊस. मास्तरांचं म्हणणं, घडी घालून खिशात ठेवू, मैदानावर गेल्यावर लावू. मी म्हणालो, घडी अजिबात घालायची नाही. मागे ही पट्टी चिकटवलीय ना, तिच्यात चिप आहे. सुरुवातीच्या मॅटवरून गेलो की ती वेळ नोंदवणार, शेवटच्या मॅटवरून गेलो की पुन्हा नोंदवणार. पट्टी मोडली तर एकवीस किलोमीटर पळून नावावर काहीच नाही.

मास्तरांनी कागद उलटसुलट करून बघितला. "म्हणजे तिकीटच की! प्रवास संपेपर्यंत जपायचं." आणि चारही पिना स्वतः लावल्या, कागद ताणून, एकही सुरकुती न पडू देता.

वाईच्या आमच्या क्लबात त्यांना सगळे मास्तर म्हणतात. शाळेतले नव्हे, एसटीतले. उभा जन्म कंडक्टरकी केली, आता वय 63. मी पतसंस्थेत कारकून, वय 41, पोट ज्याचं त्याने ओळखावं. क्लब म्हणजे तरी काय, पहाटे साडेपाचला गणपती घाटावर जमणारी दहा-बारा माणसं. मेणवलीपर्यंत जायचं आणि यायचं. रविवारी पसरणी घाट. नंतर चहा, जो कधीकधी पळण्यापेक्षा जास्त वेळ चालतो.

(दृश्य : पोलीस परेड ग्राउंड. रेनकोट, उड्या मारणारे पाय, ढोल.)

सातारा हिल हाफ मॅरेथॉन. 2012 साली सुरू झाली आणि तीनच वर्षांत, 2015 मध्ये, 2,618 धावपटूंच्या डोंगरी शर्यतीची गिनीज विक्रमात नोंद झाली. अंतर 21 किलोमीटर आणि वर सत्त्याण्णव मीटर. हे वरचे सत्त्याण्णव मीटर कशासाठी, असं मास्तरांनी विचारलं होतं. 1908 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन विंडसरच्या राजवाड्यापासून सुटली, ते अंतर भरलं 42.195 किलोमीटर, पुढे तेच कायम झालं आणि आपली शर्यत त्याच्या निम्मी. "राजवाडा तर साताऱ्यातही आहे," मास्तर म्हणाले, "आपण आपला हिशोब वेगळा ठेवला असता."

शर्यत सुटते. शहर जागं आहे. ओट्यांवर बायका, गॅलरीत टॉवेल गुंडाळलेले बाप्ये, टाळ्या वाजवणारी शाळेची पोरं. सातारकरांना पळणाऱ्या माणसाचं अप्रूप आहे, आणि ते उगाच नाही. याच जिल्ह्यातल्या माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळे ओलांडत पळायच्या शर्यतीच्या, अंतिम फेरीत पळाली. ऑलिंपिकमध्ये ट्रॅकवरच्या शर्यतीची अंतिम फेरी गाठणारी भारतीय, पी. टी. उषानंतर 32 वर्षांनी हीच. एका आजीबाईंनी मास्तरांकडे बघून ओरडून सांगितलं, "आजोबा, दमानं!" मास्तरांना ते फार लागलं. पुढचा अर्धा किलोमीटर ते माझ्यापुढे होते.

(दृश्य : समर्थ मंदिर, पुढे बोगद्याजवळचा फाटा.)

बोगद्यापाशी रस्ता फुटतो. एक जातो सज्जनगडाकडे, दुसरा यवतेश्वरचा घाट चढून कासकडे. आम्ही कासच्या रस्त्याला. कासच्या तलावाचं पाणी साताऱ्याला येतं, ते उताराने येतं. आम्हाला त्या उताराच्या उलट जायचं होतं.

इथे आमचा करार सुरू झाला. एसटीत घंटी एकदा वाजली की थांबा, दोनदा वाजली की चला. मास्तर चुटकी वाजवणार. एक चुटकी, चालायचं. दोन, पळायचं. मी वाद घालायचा नाही.

मला तेव्हा हे जरा पोरखेळ वाटलं होतं. छाती फुटेपर्यंत पळायचं आणि मग नाइलाजाने चालायचं, एवढंच मला ठाऊक. मास्तर मात्र दम लागण्याच्या आधीच एक चुटकी वाजवायचे. बाजूने तरणी पोरं सपासप पुढे जायची, आम्ही हात कमरेवर ठेवून चाललोय. जीव जळायचा. मग दोन चुटक्या. पुढच्या वळणावर तीच पोरं कठड्याला टेकलेली असायची.

धुकं असं की दहा पावलांवरचा माणूस फक्त बुटांच्या आवाजाने कळावा. कडेला तेरडा, मध्येच सोनकीचा पिवळा ठिपका. मागे अजिंक्यतारा असणार, पण दिसत नव्हता. धुक्यात मास्तरांचं निवेदन चालू : या वळणाला गाडी पूर्ण वळायची नाही, रिव्हर्स घ्यावा लागायचा, मी मागे उतरून शिट्टी मारायचो. आणि एक वाक्य त्यांनी दोनदा सांगितलं, ते मी दोन्ही वेळा कानाआड केलं. "ड्रायव्हर लोकांचा नियम आहे. घाट ज्या गिअरात चढायचा, त्याच गिअरात उतरायचा."

(दृश्य : वळसा घेऊन परतणारे धावपटू. उतार.)

यवतेश्वर मागे टाकून, पठारावरून वळसा घेतला आणि परत घाटाच्या तोंडाशी आलो. चढ संपला होता. पाय हलके, अंगात वारं. मास्तरांनी एक चुटकी वाजवली. मी वाजवली तीन आणि सुटलो.

उतारावर पळण्यासारखं सुख नाही, हे मी शपथेवर सांगतो. टांगा लांब पडतात, माणसं भराभर मागे जातात. फक्त प्रत्येक पावलाला मांडीचा पुढचा स्नायू ब्रेक लावत असतो. तो ताणला जात असतानाच आवळून धरतो, आणि त्याच्या धाग्यांना बारीक इजा होत राहतात. चढावर दम लागतो, तो लगेच कळतो. उताराचं बिल उशिरा येतं.

माझं आलं अठराव्या किलोमीटरला, परत शहरात, सपाट रस्त्यावर. दोन्ही मांड्या दगड झाल्या. एका बंद दुकानाच्या शटरला धरून उभा राहिलो. समोर एक मुलगा ताटलीत मिठाचे खडे आणि संत्र्याच्या फोडी घेऊन उभा, आणि मला ते दोन फूटही पुढे जाता येईना. त्यानेच आणून तोंडात घातलं.

मग आवाज आला. टुकटुक, टुकटुक. बारीक, एकसारखी पावलं. चढताना जशी पडत होती, तशीच. मास्तर माझ्यापाशी थांबले, घड्याळ बघितलं नाही.

"घाटात न्यूट्रल मारलंस ना?"

मी मान हलवली.

"मास्तर, तुम्ही व्हा पुढे. तुमची वेळ चांगली येईल."

"वाटेत पॅसेंजर सोडून गेलो असतो तर कधीच सस्पेंड झालो असतो," म्हणाले, आणि एक चुटकी वाजवली.

शेवटचे तीन किलोमीटर मी आयुष्यात पहिल्यांदा सांगितलं तेव्हा पळालो आणि सांगितलं तेव्हा चाललो. बहुतेक चाललोच. परेड ग्राउंडच्या कमानीखालच्या मॅटवर दोघांचे पाय बरोबरच पडले. तरी निकालात मास्तर माझ्यापेक्षा दोन सेकंदांनी पुढे आहेत, कारण सकाळी सुरुवातीच्या मॅटवर मी घाईने त्यांच्या आधी पाय ठेवला होता.

(दृश्य : वाईचा एसटी स्टँड, संध्याकाळ. बसचं दार.)

वाईला उतरताना पायरीवर गुडघा वाकेना. शेवटी वळलो, दोन्ही हातांनी दांड्या धरल्या आणि पाठमोरा, शिडी उतरावी तसा खाली आलो. मागची माणसं खोळंबलेली. कंडक्टर पोरगा बिचारा घंटीची दोरी धरून वाट बघतोय. मास्तर माझ्याआधीच उतरून खाली उभे होते. मी बाजूला झालो, त्यांनी पत्र्यावर थाप मारली.

दोनदा.