कटर ते एडिटर : मार्गारेट बूथ आणि स्टुडिओतले संकलन

मित्रहो, एमजीएम या अमेरिकन स्टुडिओचा १९३० किंवा १९४०च्या दशकातला जवळजवळ कोणताही चित्रपट लावा, सुरुवातीच्या नामावलीत दोन नावे हटकून दिसतील. कलादिग्दर्शक म्हणून सेड्रिक गिबन्स आणि ध्वनिमुद्रणासाठी डग्लस शिअरर. या दोघांनी ते सगळे चित्रपट स्वतःच्या हातांनी केले होते असे नव्हे. ते आपापल्या विभागाचे प्रमुख होते. गिबन्स यांच्या तर करारातच प्रत्येक चित्रपटावर नाव देण्याची अट होती, त्यामुळे त्यांचे नाव सुमारे १,५०० चित्रपटांवर लागले. याच स्टुडिओत संकलनाचाही एक विभाग होता आणि १९३०च्या दशकाच्या अखेरीपासून १९६८ पर्यंत त्याची प्रमुख एक स्त्री होती. मार्गारेट बूथ यांचे नाव मात्र या तीस वर्षांतल्या चित्रपटांच्या नामावल्यांत शोधूनही क्वचितच सापडते. स्टुडिओच्या व्यवस्थेत संकलकाला अधिकार किती होता आणि श्रेय किती होते, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. बूथ यांच्या कारकिर्दीत ते जितके स्वच्छ वेगळे दिसतात तितके दुसऱ्या कोणाच्या क्वचितच दिसतील, म्हणून आज मी त्यांच्याविषयीच बोलणार आहे.

त्यांचा जन्म १६ जानेवारी १८९८ रोजी लॉस एंजेलिसला झाला. चित्रपटाच्या धंद्यात त्या आल्या त्या एका अपघातामुळे. त्यांचे बंधू एल्मर बूथ हे दिग्दर्शक डी. डब्ल्यू. ग्रिफिथ यांच्या कंपनीतले नट होते आणि गुंडांच्या भूमिकांमुळे त्यांचे चांगले नाव झाले होते. जून १९१५मध्ये ते ज्या मोटारीत बसले होते ती रेल्वेगाडीवर आदळली आणि ते जागीच गेले. मोटार चालवत होते टॉड ब्राउनिंग, जे पुढे भयपटांचे दिग्दर्शक म्हणून प्रसिद्ध झाले. अंत्यविधीच्या वेळी ग्रिफिथ बोलले, आणि नंतर त्यांनी या सतरा वर्षांच्या बहिणीला आपल्याकडे काम दिले. ते काम होते तुकडे जोडण्याचे.

‘जोडणारी’ म्हणजे नेमके काय, हे सांगायला हवे, कारण आज पडद्यावर बोट फिरवून दृश्ये मागेपुढे करणाऱ्या पिढीला त्याची कल्पना येणे कठीण आहे. मूकपटाच्या काळात प्रसंगाप्रमाणे फिल्मला रंग दिला जाई. रात्रीचा प्रसंग निळा, आगीचा तांबडा. हे तुकडे वेगवेगळ्या रंगात बुडवून वाळवायचे आणि मग प्रत्येक प्रतीसाठी, म्हणजे एका चित्रपटाच्या जितक्या प्रती निघतील तितक्या वेळा, क्रमाने जोडायचे. जोडताना फिल्मच्या टोकावरचा रासायनिक थर पात्याने खरवडायचा, त्यावर सिमेंट नावाचा उग्र वासाचा द्रव लावायचा, दुसरे टोक त्यावर दाबून धरायचे, आणि हे सगळे नायट्रेटच्या फिल्मवर करायचे, जी एका ठिणगीने पेट घेते. या कामाला मुली लागत. मालकांचा हिशेब सरळ होता. काम शिवणकामासारखे, बारीक आणि कंटाळवाणे, शिवाय मुलींना पगार कमी. संकलनात सुरुवातीपासून स्त्रिया एवढ्या संख्येने का दिसतात याचे उत्तर पुष्कळदा स्त्रियांच्या उपजत संवेदनशीलतेत शोधले जाते. माझ्या मते ते या पगारपत्रकात आहे.

आपल्याकडेही याच सुमारास एक बाई हेच काम करत होत्या, हे येथे नोंदवणे विषयांतर होणार नाही. ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली प्रदर्शित झाला. त्याच्या फिल्मला अंधारात छिद्रे पाडण्यापासून ते रसायने कालवण्यापर्यंत आणि तुकडे जोडण्यापर्यंत दादासाहेब फाळके यांच्या घरात त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंचा हात होता. फरक इतकाच की सरस्वतीबाईंच्या वाट्याला हे काम संसाराचा भाग म्हणून आले आणि मार्गारेट बूथ यांच्या वाट्याला नोकरी म्हणून. नोकरीत बढती असते.

ती बढती १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला, लुई बी. मेयर यांच्या छोट्या स्टुडिओत मिळाली. तिथे जॉन एम. स्टाल नावाचे दिग्दर्शक होते. ते स्वतःच आपले चित्रपट कापत आणि कापताना बूथ यांना जवळ उभे करत. दिवसभर त्यांचे काम पाहायचे आणि संध्याकाळी ते गेल्यावर त्यांनी टाकून दिलेल्या तुकड्यांवर आपण सराव करायचा, असा क्रम बूथ यांनी स्वतःला लावून घेतला. एके दिवशी एक प्रसंग स्टाल यांना काही केल्या जमेना. ते तो तसाच सोडून घरी गेले आणि बूथ यांनी तो रात्री कापून ठेवला. सकाळी स्टाल यांनी तो पाहिला आणि जसाच्या तसा ठेवला. कारागिराच्या हाताखाली शिकणाऱ्याच्या अशा कथा गायनातही असतात, सुतारकामातही असतात, त्यामुळे आपण त्या थोड्या संशयाने ऐकतो. मला यातला टाकून दिलेल्या तुकड्यांचा तपशील महत्त्वाचा वाटतो. दिग्दर्शकाने काय नाकारले आणि का नाकारले, हे त्याच्या पूर्ण झालेल्या चित्रपटातून कधीच कळत नाही. ते कळते फक्त कटिंग रूममधल्या टोपलीतून, आणि ही टोपली बूथ रोज रात्री वाचत होत्या.

मोजमापाचे एक गणित लक्षात ठेवले तर पुढचे सोपे जाईल. पस्तीस मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात १६ फ्रेम बसतात. बोलपट स्थिरावल्यावर सेकंदाला २४ फ्रेम हा वेग ठरला, म्हणजे सेकंदाला दीड फूट आणि मिनिटाला ९० फूट. संकलक वेळ मिनिटांत नव्हे, फुटांत मोजत असे. मूव्हिओला हे दृश्य पाहण्याचे यंत्र इवान सेरुरिए यांनी १९२४ साली तयार केले, पण त्याआधी आणि नंतरही बराच काळ अनेक जण फिल्म उजेडासमोर धरून, बोटांमधून सरकवत कापत असत. मनात आकडे मोजत ठोका धरायचा, पात्र चालत असेल तर पावलांबरोबर मोजायचे, आणि कुठे तोडायचे ते त्या ठोक्यावर ठरवायचे. मूकपटांनी आपल्याला लय शिकवली असे बूथ उतारवयातही सांगत. ध्वनी आल्यावर ओठांची हालचाल आणि आवाज यांचा मेळ राखण्याचे बंधन आले आणि ही मोकळीक काही वर्षे गेली. तेव्हाचे संभाषणांचे लांबलचक, हालचाल नसलेले प्रसंग पाहिले की किती गमावले गेले ते कळते.

१९२४ साली तीन कंपन्यांच्या विलीनीकरणातून एमजीएम उभे राहिले आणि मेयर यांच्याबरोबर बूथही तिथे आल्या. निर्मितीची सूत्रे अर्व्हिंग थालबर्ग यांच्याकडे होती. थालबर्ग चित्रीकरणाच्या जागी फारसे फिरकत नसत. त्यांचा चित्रपट प्रक्षेपणाच्या खोलीत घडे. पहिली प्रत तयार झाली की ती आसपासच्या गावातल्या थिएटरात न सांगता दाखवायची, प्रेक्षक कुठे चुळबुळतात ते पाहायचे, परत येऊन कापायचे आणि गरज पडल्यास नट पुन्हा बोलावून प्रसंग नव्याने चित्रित करायचे. या सवयीमुळे एमजीएमला गमतीने ‘रीटेक व्हॅली’ म्हणत. अशा कारखान्यात दिग्दर्शक पुढच्या चित्रपटाकडे निघून गेलेला असे आणि निर्मात्याच्या शेजारच्या खुर्चीत संकलक बसलेला असे. ‘कटर’ हा तोवरचा शब्द बाजूला ठेवून बूथ यांना ‘फिल्म एडिटर’ प्रथम थालबर्ग यांनी म्हटले, असे सांगितले जाते. त्यांनी बूथ यांना दिग्दर्शन करण्याविषयीही विचारले होते आणि बूथ यांनी नकार दिला.

या नकाराचे पुष्कळांना वाईट वाटते. मला वाटत नाही. एमजीएममधला १९३५ सालचा दिग्दर्शक नेमका काय ठरवू शकत होता, ते ‘रोमिओ अँड ज्युलिएट’च्या उदाहरणावरून पाहा. १९३६च्या या चित्रपटात सज्जातला जो प्रसंग आहे त्याच्या आपल्याकडे पाच आवृत्त्या होत्या, असे बूथ यांनी नंतर सांगितले. एक अश्रूंसह, एक अश्रूंविना, एक केवळ जवळून घेतलेल्या चित्रांची, एक केवळ दुरून घेतलेल्या चित्रांची आणि एक दोन्ही मिसळून केलेली. दिग्दर्शक जॉर्ज कुकोर यांनी पाचांसाठी लागेल तेवढे चित्रण करून दिले. ज्युलिएट रडते की नाही, हा निर्णय मात्र कटिंग रूम आणि निर्मात्याची खोली यांच्यामध्ये कुठेतरी झाला. एवढे हातात असताना बूथ यांनी दिवसभर उन्हात उभे राहायला का जावे?

त्याआधीच्या वर्षी त्यांनी ‘म्युटिनी ऑन द बाउंटी’ कापला होता. संकलनासाठीचे ऑस्कर तेव्हा नुकतेच, १९३४च्या चित्रपटांपासून सुरू झाले होते आणि या चित्रपटासाठी बूथ यांना नामांकन मिळाले. पारितोषिक त्यांना मिळाले नाही. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे पारितोषिक मात्र चित्रपटाला मिळाले. अभिनेत्री ग्रेटा गार्बोच्या ‘कमील’ या चित्रपटाचे काम चालू असतानाच, सप्टेंबर १९३६मध्ये, थालबर्ग वारले. ते ३७ वर्षांचे होते.

यानंतर कारकिर्दीचा दुसरा, अधिक लांब भाग सुरू होतो आणि त्याविषयी कमी लिहिले गेले आहे, कारण त्यात दाखवण्यासारखे चित्रपट नाहीत. मेयर यांनी बूथ यांना संपूर्ण संकलन विभागावर नेमले. स्टुडिओत चित्रित होणारे रशेस, म्हणजे अजून न कापलेले ताजे चित्रण, रोज पाहायचे, कोणता संकलक कोणत्या चित्रपटावर बसवायचा ते ठरवायचे, दिग्दर्शकाला आणखी एखादे जवळचे चित्र घ्यायला सांगायचे आणि शेवटची प्रत मंजूर करायची. स्वतः कात्री धरणे जवळजवळ संपले. ब्लांश सूएल यांनी ‘द विझर्ड ऑफ ऑझ’ कापला तो याच विभागात. दुसऱ्या स्टुडिओंत बार्बरा मॅक्लीन, ॲन बॉचन्स यांची नावे चित्रपटागणिक लोकांसमोर येत राहिली. बॉचन्स या तर संकलनाचे ऑस्कर मिळवणाऱ्या पहिल्या स्त्री. त्या सगळ्यांपेक्षा अधिक चित्रपटांवर ज्यांचा हात फिरला, त्या बूथ या नामावलीबाहेर राहिल्या.

हा हात नेहमी हलका नव्हता आणि हे सांगितल्याखेरीज त्यांच्यावर बोलणे म्हणजे निव्वळ गौरवसमारंभ होईल. १९५१ सालचा जॉन ह्यूस्टन यांचा ‘द रेड बॅज ऑफ करेज’ हे याचे प्रसिद्ध उदाहरण. अमेरिकेच्या यादवी युद्धावरच्या या चित्रपटाचा प्रेक्षकांसमोरचा चाचणी खेळ वाईट गेला. ह्यूस्टन तोपर्यंत पुढच्या चित्रपटासाठी आफ्रिकेला निघून गेले होते. स्टुडिओने चित्रपट कापला, मूळ कादंबरीतल्या वाक्यांचे निवेदन वरून चढवले आणि ६९ मिनिटांची प्रत बाजारात आणली. आदेश वरून आला हे खरे, पण तो अमलात आणणाऱ्या विभागाच्या प्रमुख बूथ होत्या. श्रेय नसलेल्या माणसाच्या वाट्याला दोषही येत नाही, ही या व्यवस्थेची दुसरी बाजू. आपण संकलकाच्या अदृश्यतेबद्दल हळहळतो तेव्हा ती सोयीस्करपणे विसरतो.

त्यांच्या नजरेविषयी मात्र त्यांच्याशी भांडलेल्यांनाही शंका नव्हती. १९६५ सालच्या ‘द हिल’ची प्रत त्यांना दाखवली तेव्हाची आठवण दिग्दर्शक सिडनी ल्यूमेट यांनी लिहून ठेवली आहे. दोन मिनिटे कमी करा, असे बूथ यांचे म्हणणे होते. कुठे, असे विचारल्यावर, चित्रपट केवळ एकदाच पाहिला असताना त्यांनी जागा एकेक करून सांगितल्या, तिथे कोणते चित्र आहे, त्याचे डोके म्हणजे सुरुवात कापायची की शेपूट म्हणजे शेवट, तेही सांगितले. मिनिटाला ९० फूट या हिशेबाने १८० फूट फिल्म त्या मनातल्या मनात बाजूला काढत होत्या.

१९६८ साली एमजीएम सोडले तेव्हा त्या सत्तर वर्षांच्या होत्या आणि स्टुडिओची व्यवस्थाही मोडत आली होती. त्यांना घरी बसायचे नव्हते. निर्माते रे स्टार्क यांच्याकडे त्या संकलनाची देखरेख करू लागल्या, ‘द वे वी वेअर’सारख्या चित्रपटांवर काम केले आणि १९७८ साली, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, त्यांना मानद ऑस्कर मिळाले. स्टार्क यांच्यासाठी १९७२ साली ‘फॅट सिटी’ आणि १९८२ साली ‘ॲनी’ दिग्दर्शित केला तो जॉन ह्यूस्टन यांनी, त्यामुळे दोघांची गाठ पुन्हा एकदा एकाच कटिंग रूमशी पडली. या वेळी बूथ यांचे नाव नामावलीत होते. २८ ऑक्टोबर २००२ रोजी, १०४ वर्षांच्या होऊन, त्या लॉस एंजेलिसमध्येच वारल्या. ‘रेड बॅज’मधून १९५१ साली काढलेले तुकडे त्याच्या कितीतरी आधी नाहीसे झाले होते. तो चित्रपट मूळ रूपात पुन्हा जोडायचा म्हटले तरी जोडायला काही शिल्लक नव्हते.