कच्च्या कोकोतले नेमके काय गुणकारी आहे?

श्रोतेहो, माझ्यासमोरच्या या बशीत कोकोच्या दोन बिया आहेत आणि दोन्ही मधोमध उभ्या चिरलेल्या आहेत. पहिलीचा आतला भाग गर्द जांभळा आणि घट्ट आहे. दुसरीचा तपकिरी असून त्याला मेंदूवर असतात तशा वळ्या आणि भेगा पडल्या आहेत. कोकोची पारख करणारी माणसे पोते उघडले की आधी हेच करतात, मूठभर बिया चिरून पाहतात. तपकिरी बी म्हणजे नीट आंबवलेली आणि जांभळी म्हणजे न आंबवलेली किंवा अर्धवट आंबवलेली. जांभळ्या बीचा कण जिभेवर ठेवला तर आधी कडू लागतो, मग गालांची आतली त्वचा आखडून येते आणि तोंड कितीतरी वेळ कोरडे राहते. हा तुरटपणा पुढच्या सगळ्या विवेचनात आपल्यासोबत राहणार आहे, म्हणून त्याच्यापासूनच सुरुवात केली.

चॉकलेटऐवजी कच्चा कोको खावा का, हा प्रश्न अन्नशास्त्र शिकवताना मला वारंवार विचारला जातो. माझे उत्तर होकारार्थी आहे. मात्र ज्या कारणासाठी लोक तो घेतात, ते कारण मला पटत नाही. तो कच्चा आहे म्हणून गुणकारी आहे, असा समज रूढ झाला आहे. त्यात जे गुणकारी आहे ते कोठून येते, कशाने टिकते आणि कशाने जाते, हे समजून घेतले तर पाकिटावरच्या एका शब्दावर भिस्त ठेवण्याची गरज उरत नाही.

कोकोचे फळ झाडाच्या खोडालाच लागते. ते फोडले की पांढऱ्या, आंबटगोड, बुळबुळीत गरात लपेटलेल्या तीस-चाळीस बिया निघतात. गरासकट या बियांचे ढीग केळीच्या पानांखाली किंवा लाकडी पेट्यांत पाच-सहा दिवस आंबवतात. आधी यीस्ट गरातल्या साखरेचे अल्कोहोल करते, मग जिवाणू त्याचे ॲसेटिक आम्ल करतात आणि या साऱ्या धडपडीत ढीग आतून ४५ ते ५० अंश सेल्सिअसपर्यंत तापतो. आम्ल आणि उष्णता बीच्या आत शिरली की अंकुर मरतो, पेशींच्या भिंती फुटतात, जांभळा रंग जातो आणि चॉकलेटच्या स्वादाची पूर्वतयारी होते. त्याच वेळी तुरटपणा कमी होतो, म्हणजेच फ्लॅव्हॅनॉल नावाची संयुगे घटतात.

बाजारात ‘कच्चा’ म्हणून मिळणारा बराचसा कोको याच वाटेने आलेला असतो. त्यात फक्त भाजण्याची पायरी गाळलेली असते. ‘कच्चा’ या शब्दाची सर्वमान्य कायदेशीर व्याख्या नाही. कच्च्या आहाराचे पुरस्कर्ते ४२ ते ४८ अंशांची मर्यादा सांगतात, पण आंबवणीचा ढीग स्वतःच तिथपर्यंत किंवा त्याच्याही पुढे पोचतो. त्यामुळे बीमधली जिवंत विकरे जशीच्या तशी आपल्या पोटात जातात, हा दावा मला टिकणारा वाटत नाही.

भाजताना, साधारण १२० ते १५० अंशांना, फ्लॅव्हॅनॉलचा आणखी काही भाग जातो. इतपत कच्च्या कोकोची बाजू खरी आहे. पण आणखी एक मोठी घट होते ती वेगळ्याच ठिकाणी, आणि तिच्याविषयी फारसे कोणी बोलत नाही. कोकोची भुकटी पाण्यात नीट मिसळावी, तिचा आंबटपणा मोडावा आणि रंग गडद व्हावा म्हणून तिच्यावर क्षारांची, म्हणजे अल्कलीची, प्रक्रिया करतात. एकोणिसाव्या शतकात हॉलंडमधल्या व्हॅन हाउटेन यांच्या कारखान्यात ती रूढ झाली, म्हणून तिला ‘डच’ पद्धत म्हणतात. बाजारातल्या भुकट्या तपासून २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात क्षार न लावलेल्या भुकटीत दर ग्रॅमला सरासरी ३४.६ मिलिग्रॅम फ्लॅव्हॅनॉल आढळले. सौम्य प्रक्रियेच्या भुकटीत ते १३.८, मध्यम प्रक्रियेत ७.८ आणि तीव्र प्रक्रियेत अवघे ३.९ होते. म्हणजे भाजलेली पण क्षार न लावलेली साधी भुकटी ही काळ्याशार, मऊ चवीच्या भुकटीपेक्षा कितीतरी सरस ठरते. भाजले की नाही यापेक्षा क्षार लावला की नाही, हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

आता हे फ्लॅव्हॅनॉल करतात काय? आपल्या रक्तवाहिन्यांना आतून पेशींचे एक नाजूक अस्तर असते. या पेशी नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू तयार करतात आणि त्याच्या इशाऱ्याने वाहिनीचा स्नायू सैल पडतो. हा वायू शरीरात संदेशवाहकाचे काम करतो, या शोधाला १९९८ सालचे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले. कोकोतले एपिकॅटेचिन हे फ्लॅव्हॅनॉल या वायूची उपलब्धता वाढवते, त्यामुळे वाहिन्या अधिक सहज प्रसरण पावतात. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१२ साली हा परिणाम मान्य केला आणि त्यासाठी दिवसाला २०० मिलिग्रॅम कोको फ्लॅव्हॅनॉल हे प्रमाण सांगितले. मघाचे आकडे घेऊन ढोबळ हिशेब केला, तर क्षार न लावलेली सुमारे सहा ग्रॅम भुकटी, म्हणजे चहाचे दोन-तीन चमचे, एवढ्याने ते भागते. तीव्र प्रक्रियेच्या भुकटीतून तेवढेच मिळवायला पन्नास ग्रॅम लागतील, आणि रोज इतका कोको कोणी खाऊ शकत नाही.

रक्तदाबाचे काय? वैद्यकीय चाचण्यांचे एकत्रित आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१७ सालच्या आढाव्यात ३५ चाचण्या आणि १,८०४ माणसे होती. रक्तदाब सरासरी १.८ मिलिमीटरने उतरला. हा फरक खरा आहे, पण छोटा आहे. ज्याला रक्तदाबाची गोळी सुरू आहे, त्याने कोकोच्या भरवशावर ती बंद करणे धोक्याचे आहे, हे मी अगदी कळकळीने सांगतो.

त्याहून मोठी चाचणी अमेरिकेत झाली आणि तिचे निष्कर्ष २०२२ साली आले. वय वर्षे साठच्या पुढचे २१,४४२ स्त्री-पुरुष तिच्यात सहभागी होते. निम्म्यांना रोज ५०० मिलिग्रॅम कोको फ्लॅव्हॅनॉल कॅप्सूलमधून दिले गेले, निम्म्यांना दिसायला तशीच पण निष्क्रिय कॅप्सूल. साडेतीन वर्षांहून थोड्या अधिक काळात हृदयविकार आणि पक्षाघाताच्या एकूण घटना दहा टक्क्यांनी कमी दिसल्या, पण हा फरक योगायोगानेही पडू शकेल इतका क्षीण होता. हृदयरोगाने होणारे मृत्यू मात्र २७ टक्क्यांनी कमी आढळले. हा दुय्यम निष्कर्ष होता, म्हणून त्यावर इमारत उभारण्याची घाई करू नये. शिवाय या संशोधनाला चॉकलेट बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीचेही अर्थसाहाय्य होते आणि दिलेला पदार्थ कॅप्सूल होता, कोकोचा पेला नव्हे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२३ साली हृदयाविषयीचा दावा छापायला परवानगी दिली, तीही किमान चार टक्के फ्लॅव्हॅनॉल असलेल्या भुकटीपुरती आणि पुरावा अत्यंत मर्यादित आहे हे तिथेच नमूद करण्याच्या अटीवर. साध्या भुकटीला आणि चॉकलेटला ती परवानगी नाही.

कच्च्या कोकोच्या पाकिटावर दोन गोष्टी हटकून दिसतात. एक म्हणजे अँटिऑक्सिडंट शक्तीचा भलामोठा आकडा. परीक्षानळीत मोजलेली ही शक्ती शरीरातल्या परिणामाबद्दल काही सांगत नाही, हे ओळखून अमेरिकेच्या कृषिखात्याने अशा आकड्यांची आपली सूची २०१२ सालीच मागे घेतली. दुसरी गोष्ट खनिजांची. शंभर ग्रॅम भुकटीत सुमारे ५०० मिलिग्रॅम मॅग्नेशियम आणि १४ मिलिग्रॅमच्या आसपास लोह असते, हे बरोबर आहे. पण आपण घेतो पाच ग्रॅम. तेवढ्यात २५ मिलिग्रॅम मॅग्नेशियम मिळते आणि लोह एक मिलिग्रॅमही नाही. कोकोतलीच तुरट संयुगे लोहाचे शोषण रोखतात, म्हणून पंडुरोग असलेल्यांनी तो जेवणासोबत घेऊ नये. आणि खनिजे भाजल्याने नष्ट होत नाहीत, तेव्हा त्या बाबतीत कच्च्याला कोणतेही श्रेष्ठत्व नाही.

भाजणीचा एक उपकार मात्र विसरता कामा नये. बिया जमिनीवर, उघड्यावर वाळतात. तिथे साल्मोनेला जंतूंची लागण होऊ शकते आणि भाजण्याची उष्णता त्यांना मारते. न भाजलेल्या कोकोत ही सुरक्षितता नसते. गरोदर स्त्रिया, लहान मुले आणि प्रतिकारशक्ती दुबळी असलेल्यांना मी भाजलेलाच कोको घ्यायला सांगेन. कॅडमियम आणि शिसे हा आणखी एक काळजीचा विषय आहे. कॅडमियम झाड मातीतून शोषते आणि लॅटिन अमेरिकेतल्या काही मातींत ते जास्त असते. शिसे बहुतांशी काढणीनंतरच्या धुळीतून येते. यांपैकी कशावरही कच्चेपणाचा उपाय नाही. युरोपीय संघाने भुकटीसाठी कॅडमियमची मर्यादा किलोला ०.६० मिलिग्रॅम ठेवली आहे. तपासणीचे निकाल जाहीर करणारा उत्पादक निवडावा. कोकोत ऑक्झलेट भरपूर असल्याने मूतखड्याची प्रवृत्ती असलेल्यांनी बेताने घ्यावा, आणि घरात कुत्रा असेल तर कोको त्याच्या तोंडाला लागू देऊ नये, कारण त्यातले थिओब्रोमिन कुत्र्याला विषारी असते.

इतके सांगूनही मी कोकोला चॉकलेटचा उत्तम पर्याय म्हणतो, ते साखरेमुळे. दुधाच्या चॉकलेटमध्ये वजनाच्या जवळपास निम्मी साखर असते. चाळीस ग्रॅमची वडी खाल्ली की वीस ग्रॅम साखर पोटात गेली, आणि जागतिक आरोग्य संघटना दिवसभरासाठी सुमारे पंचवीस ग्रॅमच्या आत राहणे अधिक हिताचे मानते. साध्या कोकोत ही साखर नाही, हाच त्याचा सर्वांत निर्विवाद फायदा आहे. तोच कोको मध किंवा खजुराच्या पाकात कालवून ‘कच्चे चॉकलेट’ म्हणून खाल्ला, तर हा फायदा हातचा जातो, कारण मध आणि पाक यांतली साखरही त्याच हिशेबात धरायची असते.

घेताना घटकांची यादी वाचावी. तिच्यात फक्त कोको असावा. क्षारप्रक्रियेचा उल्लेख किंवा ५००, ५०१ हे आम्लता-नियंत्रकांचे क्रमांक दिसले तर ती भुकटी बाजूला ठेवावी. चांगली भुकटी फिकट, लालसर तपकिरी असते आणि जिभेला किंचित आंबट लागते. ती थेट पाण्यात टाकली तर वर तरंगते आणि गुठळ्या धरते, म्हणून पेल्यात दोन चमचे भुकटी घेऊन आधी थोड्या कोमट पाण्यात चमच्याने घोटावी, चकचकीत लगदा झाला की मग बाकीचे गरम पाणी किंवा दूध घालावे. पहिल्या आठवड्यात एक चमचा साखर घातली तरी चालेल, दुसऱ्या आठवड्यात अर्धा. तिसऱ्या आठवड्यात त्याच पेल्यातला तुरटपणा जिभेला खटकेनासा होतो आणि त्याच्यामागचा फळासारखा आंबूस स्वाद, जो साखरेने इतके दिवस झाकून ठेवलेला असतो, पहिल्यांदा लक्षात येतो.