६५५३५ वा नियम

(काळा पडदा, वर सरकत जाणारी पांढरी अक्षरं.)

ही फ्रीबीएसडी, म्हणजे संगणक चालवणारी एक ऑपरेटिंग सिस्टिम, बांधली जातेय. आधी लायब्रऱ्या, मग शेकडो छोटे-मोठे प्रोग्रॅम, सगळ्यात शेवटी कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा. आमच्या कॅमेऱ्यासमोर हे जवळजवळ चार तास चाललं होतं, तुम्हाला पंधरा सेकंद दाखवतोय. यंत्र जुनं आहे. पंख्याचा आवाज आम्ही मुद्दाम कमी केलेला नाही.

तयार अपडेट उतरवून घ्यायची सोय आहे, आणि ते कितीतरी लवकर आटोपतं. पण या कार्यालयाचे सर आवृत्ती बदलायची तर सोर्सवरूनच, म्हणजे मूळ कोड स्वतः बांधूनच, बदलतात. मेक बिल्डवर्ल्ड, मेक बिल्डकर्नल या बांधायच्या कमांडी, मग नवा कर्नल बसवायचा, सिंगल यूजरमध्ये, म्हणजे फक्त दुरुस्तीपुरतं, यंत्र उठवायचं, बाकीची सिस्टिम बसवायची, शेवटी ईटीसी या फोल्डरमधल्या सेटिंगच्या फाइली जुळवायच्या. यातली एकही पायरी त्या रात्री चुकली नव्हती.

(नेटवर्क कार्डाचा हिरवा दिवा, जवळून.)

यंत्र उठलं, पण इंटरनेट नाही. शिकाऊ मुलीनं आधी केबल बदलली. दिवा तर आधीपासूनच लागलेला होता. मग तिला वाटलं, कार्ड चालवणारा ड्रायव्हर गेला असेल. शंका रास्त होती, कारण फ्रीबीएसडी १३ मधून जुन्या कार्डांचे बरेच ड्रायव्हर खरंच काढून टाकलेत. पण आयएफकॉन्फिग या कमांडमध्ये ईएम-शून्य, म्हणजे हेच कार्ड, दिसत होतं, पत्ता जागेवर, स्थिती ॲक्टिव्ह.

"सर, राउटरच बंद असेल का?"

"अगं, आधी या यंत्रावरून स्वतःलाच पिंग कर."

पलीकडचं यंत्र उत्तर देतं का ते बघणारा पिंग हा प्रोग्रॅम माइक म्यूस या अमेरिकन अभियंत्यानं डिसेंबर १९८३ मध्ये लिहिला, असाच नेटवर्कचा घोळ निस्तरताना. पाणबुडीच्या सोनारचा आवाज, म्हणून हे नाव.

(पडद्यावर एकच ओळ, पुन्हा पुन्हा.)

१२७.०.०.१ म्हणजे यंत्राचा स्वतःचाच पत्ता. तिथूनही उत्तर आलं, "परमिशन डिनाइड". केबल तुटली असती तरी स्वतःला केलेलं पिंग चाललंच असतं. इथं परवानगी नाही म्हणून कोणीतरी स्पष्ट सांगतंय.

आता टीसीपीडम्प बघा, कार्डावरून येणारं-जाणारं दाखवणारा प्रोग्रॅम. हा आमचा सगळ्यात आवडता शॉट. शेजारचं यंत्र विचारतंय, हा पत्ता कोणाचा? आपलं यंत्र लगेच सांगतंय, माझा. मग तिकडून पिंग येतं, परत येतं, पुन्हा येतं, आणि इकडून चकार शब्द नाही. टीसीपीडम्प पाकिटं, म्हणजे डेटाचे तुकडे, कार्डापाशीच बघतो, काय जाऊ द्यायचं ते ठरवणारी फायरवॉल त्याच्या आत बसलेली असते. म्हणून आलेलं दिसतं, आत अडलेलं दिसत नाही.

(आयपीएफडब्ल्यू शो, म्हणजे फायरवॉलच्या नियमांची यादी. शेवटच्या ओळीवर बोट.)

नियम क्रमांक ६५५३५, सगळ्यांना सगळीकडून मनाई. हा नियम कोणी लिहीत नाही, तो कर्नलच्याच पोटात असतो. या यंत्रावरची फायरवॉल अडवायला ठेवलेलीच नव्हती. कुठल्या खोलीकडं किती डेटा जातो ते मोजायचे चार नियम, बस. मोजणारा नियम पाकीट पुढं ढकलतो, ते घरंगळत ६५५३५ पर्यंत येतं. जुन्या कर्नलमध्ये तिथं परवानगी होती, नव्यात नाही.

का नाही? ते जुन्या कर्नलनंच सांगितलं. नवा बसवताना जुना 'कर्नल डॉट ओल्ड' नावाच्या फोल्डरमध्ये जातो, आणि आपण कुठल्या कॉन्फिग फाइलवरून बांधले गेलो ते तो पोटात घेऊन असतो. 'कॉन्फिग' कमांडला उणे एक्स दिलं की ती अख्खी फाइल बाहेर पडते. घाईत आणखी एकदा नवा कर्नल बसवला असता, तर हा जुना पुसला गेला असता. दोन्ही फाइली शेजारी लावल्या, फरक एका ओळीचा निघाला: आयपीफायरवॉल डीफॉल्ट टू ॲक्सेप्ट. नवी कॉन्फिग फाइल सरांनी आठवणीतून लिहिली होती.

तोवर सकाळचे दहा वाजले होते. कार्यालयातली माणसं येऊन बसली होती आणि त्यांचं नेट याच यंत्रातून जात असल्यानं कोणाचंच काम सुरू होत नव्हतं.

(कीबोर्डवर बोटं. मग पिंगची उत्तरं, ओळीमागून ओळ.)

पासष्ट हजार क्रमांकावर परवानगीचा एक नियम घातला आणि त्या क्षणी नेट आलं. कायमचं करायचं तर यंत्र सुरू होताना वाचल्या जाणाऱ्या लोडर डॉट कॉन्फ या फाइलमध्ये एक ओळ पुरली असती. सरांनी ती लिहिली नाही. कॉन्फिग फाइलमध्ये राहून गेलेली ओळ घातली आणि कर्नल पुन्हा बांधायला लावला.

(पंखा.)