बोहेमियन ऱ्हॅप्सडी: स्टेजवर न मावलेलं गाणं

(पडद्यावर: फिरणारी टेपची रिळं)

१९७५चा ऑगस्ट संपत आलाय. वेल्समधल्या रॉकफील्ड स्टुडिओत ‘क्वीन’ या ब्रिटिश रॉक बँडची चौकडी रेकॉर्डिंगला बसली आहे. हाताशी चोवीस ट्रॅकची टेप, म्हणजे चोवीस आवाज वेगवेगळे भरता येतील अशी, आणि गायक फ्रेडी मर्क्युरीच्या डोक्यात अख्खा ऑपेरा.

या गाण्याचे तुकडे त्याच्याकडे साठच्या दशकाच्या अखेरीपासून होते. पियानोची संगत त्याहून जुनी. झांझिबारमध्ये जन्मलेला हा पारशी मुलगा, फारोख बुलसारा, शिकला आपल्या पाचगणीत, सेंट पीटर्स शाळेत. तिथल्या ‘हेक्टिक्स’ या शाळकरी बँडमध्ये पियानो तोच वाजवायचा. महाबळेश्वरला जाताना पाचगणीत स्ट्रॉबेरी खायला थांबणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असतं, कोण जाणे!

(पडद्यावर: मिक्सिंग कन्सोल, जवळून)

आता तो मधला ऑपेराचा भाग नीट ऐका. शंभरेक माणसं गात असावीत असं वाटतं ना? गाणारे तिघंच आहेत. मधल्या पट्टीत फ्रेडी, खाली गिटारवादक ब्रायन मे, आणि कानठळ्या बसवणारे वरचे सूर ड्रमर रॉजर टेलरचे. रोज दहा-दहा, बारा-बारा तास गायचं. ट्रॅक भरले की एकत्र करून दुसरीकडे उतरवायचे आणि मोकळ्या जागेत पुन्हा गायचं. टेप यंत्रावरून इतक्या वेळा फिरली, की तिच्यावरचा थर झिजला आणि उजेडात धरली तर आरपार दिसू लागलं.

३१ ऑक्टोबरला सिंगल बाजारात आलं. लांबी ५ मिनिटं ५५ सेकंद, म्हणजे रेडिओवाल्यांच्या दृष्टीने भलतीच. तरी ब्रिटनमध्ये ते सलग नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. आणि नोव्हेंबरात दौरा सुरू! आता हे लोकांसमोर गायचं कसं?

सुरुवातीला त्यांनी गाणं सरळ तोडलं. २४ डिसेंबरला लंडनच्या हॅमरस्मिथ ओडियनमधला कार्यक्रम बीबीसीने दाखवला. त्यात संथ सुरुवात होते, रंग भरतो आणि ऑपेराच्या तोंडाशी येऊन गाडी थेट त्यांच्याच ‘किलर क्वीन’ या गाण्याकडे वळते. ऐकताना आजही चुकल्याचुकल्यासारखं होतं.

१९७७पासून मात्र गाणं पूर्ण होऊ लागलं. ऑपेरा आला की चौघंही विंगेत जात. टेप वाजे, प्रकाशझोत फिरत आणि हजारो लोक रिकाम्या स्टेजकडे बघत राहत. मग गिटार कडाडली की मंडळी पुन्हा हजर. नुसते ओठ हलवून वेळ मारून नेता आली असती. ते त्यांनी केलं नाही, हे मला फार आवडतं.

१३ जुलै १९८५, ‘लाइव्ह एड’ ही मदतनिधीची मैफल, लंडनचं वेम्बली स्टेडियम. मोजून वीसेक मिनिटं मिळालेली. फ्रेडी पियानोवर बसला, सुरुवातीचा भाग गायला आणि तडक ‘रेडिओ गा गा’ या दुसऱ्या गाण्याकडे वळला.

१९९१च्या नोव्हेंबरात फ्रेडी गेला. पुढच्या एप्रिलमध्ये त्याच वेम्बलीवर त्याच्या स्मरणार्थ मैफल झाली. संथ भाग गायक एल्टन जॉनने गायला, ऑपेरा नेहमीप्रमाणे टेपवर, आणि रॉकच्या भागाला ‘गन्स एन रोझेस’ या बँडचा गायक ॲक्सल रोझ धावत स्टेजवर आला.

(पडद्यावर: लंडनचं हाइड पार्क, १ जुलै २०१७)

ग्रीन डे या बँडचा कार्यक्रम सुरू व्हायचा होता. ध्वनिक्षेपकावर हेच गाणं लागलं आणि सुमारे ६५ हजारांच्या गर्दीने ते पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटलं, ऑपेरासकट. सूर जागोजागी घसरतात, पण शब्द मात्र एकजात सगळ्यांना पाठ.