पैसे सरकारचे, पगाराचं पाकीट तुमचं

नमस्कार मंडळी. मी मेलबर्नमध्ये छोट्या धंद्यांचे हिशेब लिहिते. मध्यंतरी सकाळी सातलाच पॉइंट कुकच्या एका किराणा दुकानदाराचा फोन आला. आवाज पार पडलेला. “ताई, सरकारचं पत्र आलंय. आपल्या काउंटरवरच्या मुलीला बाळंतपणाचा पगार म्हणे मी द्यायचा. चोवीस आठवडे! मी दुकान चालवू की विकू?”

त्यांचं घाबरणं मला समजलं. गृहस्थ मूळचे नाशिकचे. भारतात 2017 च्या दुरुस्तीनंतर प्रसूती रजा 26 आठवड्यांची झाली, आणि जिथे ईएसआयसी (कामगारांचा सरकारी विमा) नाही तिथे तो पगार मालकाच्या खिशातून जातो. तेच गणित डोक्यात घेऊन माणूस इथे येतो. इथलं गणित मात्र वेगळं आहे.

ऑस्ट्रेलियात ‘पेड पेरेंटल लीव्ह’, म्हणजे बाळ झाल्यावरच्या पगारी रजेची सरकारी योजना, 1 जानेवारी 2011 ला सुरू झाली. पैसे सरकार देतं, तुम्ही फक्त पोचवता. मग सरकार आईच्या खात्यात थेट का भरत नाही? कारण पगार नेहमीच्या दिवशी, नेहमीच्या जागेवरून आला की नोकरीशी धागा तुटत नाही. ही भत्त्याची नाही, रजेची रक्कम आहे, हे दोघांनाही कळतं. मला हा विचार पटतो, माझं काम त्याने वाढलं असलं तरी.

आता मुद्द्याचं. पोचवण्याची सक्ती कधी? मूल नुकतं जन्मलेलं किंवा दत्तक घेतलेलं हवं. बाळंतपणाच्या अपेक्षित तारखेआधी कर्मचारी तुमच्याकडे किमान 12 महिने कामाला असायला हवी, किंवा असायला हवा. बापालाही हा पगार मिळतो. काम ऑस्ट्रेलियातलं हवं, पैसे मिळतील त्या काळात नोकरी तुमच्याकडेच राहणार असली पाहिजे, आणि सलग किमान 8 आठवड्यांची रक्कम घ्यायची असली पाहिजे. एवढं जुळलं की दुकान लहान आहे ही सबब चालत नाही. एकच माणूस कामाला असला तरी नियम तोच. आणि “ती तर कॅज्युअल आहे”, म्हणजे पक्क्या नोकरीवर नाही, लागेल तशी तासांवर येते, म्हणून हात झटकू नका. वर्षभर नियमित येणारी कॅज्युअलही यात बसू शकते.

यातलं काही जुळलं नाही, समजा सहाच महिने झालेत किंवा चार-चार दिवस तोडून रजा घ्यायची आहे, तर सर्व्हिसेस ऑस्ट्रेलिया, म्हणजे हे पैसे वाटणारं सरकारी खातं, पैसे थेट तिच्या खात्यात भरतं. म्हणजे तुमच्याकडे सहा महिनेच झाले म्हणून तिचा हक्क जात नाही. एक मात्र आपल्या लोकांनी ध्यानात ठेवावं: नुकताच कायमचा निवासी व्हिसा मिळालेल्यांना या पगारासाठी साधारणपणे दोन वर्षं थांबावं लागतं. बाळाची तारीख आणि व्हिसाची तारीख शेजारी शेजारी ठेवून बघा.

अर्ज तिने करायचा. तुम्हाला पत्र येतं, त्याला 14 दिवसांत उत्तर द्यायचं: बँक खातं, पगाराचे दिवस, एवढंच. आपल्याला हे लागू नाही असं वाटलं तर तेही त्याच मुदतीत कळवायचं. पत्र बिलांच्या गठ्ठ्यात खुपसून ठेवणं हा मात्र पर्याय नाही.

पैसे आधी तुमच्या खात्यात येतात, मग तुम्ही देता. आलेच नाहीत तर पदरचे घालायचे नाहीत. रक्कम राष्ट्रीय किमान वेतनाइतकी. 1 जुलै 2025 पासून ते ताशी 24.95 डॉलर झालं, म्हणजे दिवसाला 189.62. त्या तारखेपासून जन्मलेल्या बाळासाठी 120 दिवस (आठवड्याचे पाच धरून 24 आठवडे), आणि 1 जुलै 2026 पासून 130. त्यातून नेहमीसारखा कर कापायचा, पे-स्लिप द्यायची, नोंद ठेवायची. या रकमेवर सुपर (निवृत्तीसाठीचा फंड) तुम्ही भरायचं नाही; 1 जुलै 2025 पासून जन्मलेल्या बाळांसाठी ते कर खातं परस्पर भरतं.

पहिली रक्कम जमा झाली त्याच आठवड्यात आमच्या दुकानदारांचं तांदळाच्या व्यापाऱ्याचं बिल थकलं होतं. पुन्हा फोन. “ताई, दोन दिवस फिरवू का? गुरुवारी गल्ल्यातून भरतो.” मी म्हटलं, “दादा, हे गल्ल्याचे पैसे नाहीत. लग्नात दुसऱ्याचा आहेर तुमच्या हाती दिला, तर तो फोडून वाजंत्रीवाल्याला द्याल का?” हसले. पैसे हलवले नाहीत. पगाराच्या दिवशी पे-स्लिपवर नेहमीच्या तासांच्या जागी एकच ओळ होती, ‘पेरेंटल लीव्ह पे, 10 दिवस’, आणि त्याखाली कापलेला कर.

तिसरा फोन पुढच्या आठवड्यात. “ताई, तिच्या जागी आता शनिवारी काउंटरवर कोणाला उभं करू?”

त्याचा पगार सरकार देत नाही, हे मी त्यांना सांगितलं. सध्या शनिवारी वहिनी उभ्या असतात.