घड्याळ पुढच्या चाकावर सुरू होतं

मंडळी, इंजिनावर बोलणारे पुष्कळ, मागच्या रुंद टायरांवर बोलणारे त्याहून जास्त. पुढच्या चाकाला मात्र कोणी विचारत नाही, आणि ही गोष्ट मला बरीच वर्षं सलते आहे. ड्रॅग रेसचं, म्हणजे दोन गाड्यांच्या सरळ रेषेतल्या छोट्या शर्यतीचं, घड्याळ ड्रायव्हरच्या पायावर सुरू होत नाही, इंजिनावरही नाही. ते सुरू होतं पुढच्या चाकावर.

सुरुवातीची रेषा तुम्ही सगळ्यांनी पाहिली आहे, म्हणून नुसती उजळणी करतो. ट्रॅकवर आडवे प्रकाशकिरण असतात: आधी प्री-स्टेजचा (गाडी रेषेजवळ आल्याचा), त्याच्यापुढे ७ इंचांवर स्टेजचा (गाडी सुटायच्या जागी उभी असल्याचा). चाकाने किरण अडवला की त्याचा दिवा लागतो. हिरवा दिवा लागल्यापासून पुढचं चाक स्टेजचा किरण मोकळा करेपर्यंतचा वेळ म्हणजे रिअॅक्शन टाइम. किरण मोकळा झाला की धावेचं घड्याळ चालू. हिरव्याआधी मोकळा झाला, तर लाल दिवा. (हा दिव्यांचा खांब, ख्रिसमस ट्री, एनएचआरए या अमेरिकेतल्या ड्रॅग रेसिंग संघटनेने १९६३ मध्ये आणला. त्याआधी झेंडा घेऊन माणूस उभा राहायचा. त्या काळच्या वादांवर वेगळं व्याख्यान होईल!)

आता माझ्या एका मित्राची गोष्ट. हिरव्याआधीच्या तीन पिवळ्या दिव्यांपैकी तिसरा लागला की ब्रेक सोडायचा, ही त्याची वर्षानुवर्षांची सवय. रिअॅक्शन ०.०१० सेकंदाच्या आसपास, घड्याळ लावावं इतका नेमका माणूस. वजन कमी व्हावं म्हणून त्याने पुढचे २८ इंची टायर काढून २२ इंची बसवले. पुढच्याच शर्यतीत लाल. उणे ०.००६. त्यानंतरच्या शर्यतीतही लाल. सगळे म्हणायला लागले, 'घाई करतोस, मन स्थिर ठेव.' बिचाऱ्याने ते मनावर घेतलं. घरी दिव्याचा सराव केला, रात्र रात्र जागला. मुद्दाम थांबून सुटायला लागला, तशी सवयही मोडली. अख्खा हंगाम गेला, आणि त्या हंगामात त्याच्या टायरकडे एकानेही वाकून पाहिलं नाही. ज्याचा पाय तिळभरही चुकला नव्हता त्या माणसाला आपण अधीर ठरवलं, याचा मला आजही राग येतो.

एका संध्याकाळी मी टेप घेऊन बसलो. किरण जमिनीपासून दीड इंचावर आहे असं धरा. त्या उंचीवर तो चाक आरपार कापतो, आणि ती जीवा जितकी लांब तितकं चाकाला सरकावं लागतं, तेव्हा किरण मोकळा होतो. यालाच रोलआउट म्हणतात. २८ इंची चाकाला १२.६ इंच, २२ इंचीला ११.१. सुटताना गाडीचं त्वरण गुरुत्वाकर्षणाइतकं मानलं, तर पहिल्याला ०.२५६ सेकंद लागतात, दुसऱ्याला ०.२४०. फरक सोळा सहस्रांशांचा. ०.०१० मधून ०.०१६ वजा करा. उणे ०.००६! तो कागद मी अजून जपून ठेवला आहे.

आयोजकांची चिठ्ठी आली आहे, पाचच मिनिटं उरली आहेत, आणि जाहीर केलेला विषय तर अजून बाकी आहे. तर भराभर सांगतो. मोठं चाक लावलं की गाडी वेगवान होते का? धावेचा वेळ कमी दिसतो, कारण घड्याळ सुरू होतं तेव्हा गाडी आधीच जास्त वेगात असते. पण तेवढाच वेळ रिअॅक्शनमध्ये वाढतो. हिरव्यापासून शेवटच्या रेषेपर्यंतची बेरीज जवळजवळ तीच. त्यामुळे समोरासमोरच्या शर्यतीत फायदा नाही, फक्त लाल दिव्याची भीती बदलते. ब्रॅकेट रेसिंगमध्ये, म्हणजे प्रत्येकाने आपला धावेचा वेळ आधी सांगायचा अशा शर्यतीत, मात्र चाक बदललं की डायल-इन, म्हणजे तो सांगितलेला वेळ, नव्याने ठरवायलाच हवं. मोठ्या चाकावर जुनाच आकडा ठेवलात, तर ब्रेकआउट होईल, म्हणजे सांगितलेल्यापेक्षा कमी वेळ लागेल.

हवा कमी असली की टायर बसतो, जीवा लांबते. म्हणून दर धावेआधी दाब तपासा. डीप स्टेज केलंत, म्हणजे प्री-स्टेजचा दिवा विझेपर्यंत पुढे सरकलात, तर रोलआउट घटतो: रिअॅक्शन सुधारते, धावेचा वेळ वाढतो. आणि सुटताना पुढची चाकं उचलली गेली, तर किरण आधीच मोकळा होतो, मग वरची गणितं लागू पडत नाहीत.

मित्राचं काय झालं, असं कोणी तरी मागून विचारतंय. त्याने २२ इंची टायर तसेच ठेवले, गाडी जरा हळू सुटावी म्हणून सुटतानाचे आरपीएम (इंजिनाचे मिनिटाचे फेरे) थोडे उतरवले, आणि ब्रेक पुन्हा तिसऱ्या पिवळ्यावरच सोडायला लागला.