डाव्या हाताचे काम

रसिकहो, गेल्या हिवाळ्यात पणजीत आयरिश लोकसंगीत वाजवणाऱ्या एका तरुण वाद्यवृंदाचा कार्यक्रम झाला. दोन फिडल, म्हणजे आपले व्हायोलिनच, एक बासरी, एक गिटार आणि बोधरान नावाचे चर्मवाद्य, एवढाच त्यांचा संसार होता. विजेवर चालणारे एकही वाद्य नव्हते, तरीही तिसरी धून वाजली तेव्हा सभागृह टाळ्यांनी दणाणून गेले आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडी जोश हाच शब्द होता. हा जोश वेगातून किंवा मोठ्या आवाजातून येतो, असे आपण धरून चालतो. गणेशचवथीला चाळीस वर्षे घुमट हे गोव्याचे तालवाद्य वाजवत आलेला माणूस म्हणून मला ते पटत नाही.

त्या कार्यक्रमात माझी नजर बोधरानवर खिळून राहिली. चाळणीसारखी लाकडी चौकट, एका बाजूला बकऱ्याचे चामडे, दुसरी बाजू उघडी. वादक ते मांडीवर उभे धरतो आणि उजव्या हातातल्या आखूड काठीने वाजवतो, ते सर्वांना दिसते. त्याचा डावा हात मात्र चौकटीच्या आत, चामड्याच्या मागे असतो. तळवा दाबून वर सरकवला की नाद चढतो, सैल सोडला की खाली घुमतो. आपल्या घुमटाचे तरी वेगळे काय आहे? मातीच्या घटाचे मोठे तोंड चामड्याने मढवलेले, त्यावर उजव्या हाताची थाप, आणि मागच्या लहान तोंडावर डावा तळवा, जो हवा अडवतो आणि सोडतो. दोन्ही वाद्यांत उजवा हात बोलतो आणि डावा हात त्याला आवरतो. हे आवरणे नसेल, तर उरतो तो नुसता गलका.

बोधरान मैफलीच्या मंचावर मानाने बसले ते १९६०च्या दशकात, शॉन ओ रियाडा या संगीतकाराने त्याला आपल्या वाद्यवृंदात घेतले तेव्हा. १९६२ साली डब्लिनमध्ये स्थापन झालेल्या ‘द चीफटन्स’ या वाद्यवृंदाने हे आयरिश संगीत जगभर नेले. आपल्या घुमटाला २०१९ साली राज्याच्या वारसा वाद्याचा दर्जा मिळाला.

त्यांच्या वादनाची बांधणी समजून घेण्यासारखी आहे. एक गत, म्हणजे धून, दोनतीन वेळा वाजवायची आणि क्षणही न थांबता दुसरीत शिरायचे. पुष्कळदा या वळणावर सूरही बदलतो, आणि ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतो तो नेमका तेथे, लय तसूभरही न वाढता. त्यांची जिग ही नृत्यधून सहा मात्रांची असते, तीन आणि तीन अशी, आपल्या दादऱ्याच्या जवळची. मांडो या गोव्याच्या संथ गीतानंतर येणारे दुलपद हे चपळ गीतही याच वजनाचे. पोर्तुगीज काळात चर्चच्या शाळांतून गोव्यात रुजलेले व्हायोलिन आणि त्याच्या शेजारी घुमट, ही मांडोची जोडी आठवली की हे पाहुणे मला परके वाटेनासे होतात.

आता माझी तक्रार सांगतो. त्या दिवशी दुपारी मी त्यांची तालीम पाहिली होती. रिकाम्या सभागृहात ती पाच जणे अर्धगोल करून, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ बसली होती आणि वादन एकाच शरीरातून निघाल्यासारखे येत होते. संध्याकाळी आयोजकांनी त्यांना रुंद मंचभर पांगवले. याचा हिशेब साधा आहे. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे बारा मीटरवरच्या सोबत्याचा स्वर कानी यायला सुमारे ३५ मिलिसेकंद लागतात. रील या त्यांच्या वेगवान नृत्यधुनेत मिनिटाला साडेचारशेच्या आसपास स्वर वाजतात, म्हणजे दोन स्वरांत जेमतेम १३० मिलिसेकंदांचे अंतर, आणि त्यातला चौथा हिस्सा निव्वळ वाटेत जातो. मग वादक समोरच्या ध्वनिक्षेपकावर विसंबतो आणि शेजाऱ्याचे ऐकणे सोडतो. त्यात आवाज वाढवला की फिडलची पोकळ पेटी तोच आवाज पुन्हा पकडते, शिट्टी घुमू लागते, आणि ती टाळण्यासाठी ध्वनियोजक वाद्याचा खर्जच कापून टाकतो. संध्याकाळी जोश होता, मी नाकारत नाही. पण दुपारचा मोठा होता.

गणपतीसमोर आरतीला आपण कसे बसतो ते आठवा. शामेळ हे चर्मवाद्य आणि कांसाळे, म्हणजे झांज, मध्ये, घुमटे दोन्ही अंगांना समोरासमोर, प्रत्येकाला दुसऱ्याचा हात दिसतो. आपल्या वाडवडिलांनी ही बैठक कोणत्याही गणिताशिवाय ठरवली, आणि बाहेरचा वाद्यवृंद बोलावताना तीच त्याला देणे आपल्या आयोजकांना सहज शक्य आहे.

माझ्यानंतर आमच्या वाड्यावरचे पथक वाजवणार आहे. पूर्वी घुमटाला घोरपडीचे चामडे असे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर ते गेले ते योग्यच झाले, पण आजचे बकऱ्याचे चामडे आपल्या दमट हवेत लवकर सैल पडते. म्हणून मुलांनी घुमटे बाहेर उन्हात ठेवली आहेत. ती तापून येईपर्यंत ध्वनिक्षेपक बंद करू आणि आपण सर्वांनी खुर्च्या पुढे ओढून घ्याव्यात, मागच्या तीन रांगांनी तर जरूर.